एकोणिसांचे काय?

पटावर वीस मुले नाहीत, तर खेड्यातली शाळा दूरच्या समूहशाळेत मिळवावी, असा विचार २०२३ मध्ये सरकारदरबारी निघाला. हिशेब मोठा चोख! ४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली ती कराडनजीकच्या काले या खेड्यातच. शहराची वाट पाहिली नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे नियम पहिली ते पाचवीची शाळा किलोमीटरच्या आत मागतात. 'गाडी देऊ' म्हणे! ओढ्याला पूर आला की गाडी अलीकडेच थांबते; घरी बसते ती बहुधा मुलगीच. जुन्या शाळेची कौले गळतात? मग शाकारा, कुलूप कसले लावता? वाचकहो, दिवाळी सरताच ग्रामसभेत उभे राहून विचारा : वीस भरत नाहीत, कबूल, पण या एकोणिसांचे काय?