लोणचं जुनं, मसाला ओला

नवरात्राची आवराआवर सुरू झाली की वाचक हमखास विचारतात, फडताळात मागे राहिलेली बरणी ठेवायची की टाकायची? बहुतेक घरांत याचा निकाल तारीख आणि वास या दोनच गोष्टींवर लागतो. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. पदार्थ टिकला तो कशाच्या जोरावर, आणि तो जोर अजून शाबूत आहे का, हे आधी पाहावं.

लिंबाचं मुरलेलं लोणचं घ्या. पाच वर्षांचं, काळंभोर. आजारातून उठलेल्याला मऊ भाताबरोबर तेच देतात, आणि बरोबरच करतात. बोटुलिझम हा जीवघेणा आजार घडवणारा जंतू ४.६ पेक्षा कमी पीएचमध्ये वाढू शकत नाही. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३ असतो. उरलंसुरलं पाणी मीठ धरून ठेवतं. कैरीच्या लोणच्यात फोडी पुसून कोरड्या करायच्या, बरणीला हिंगाची धुरी द्यायची, वर बोटभर तेल ठेवायचं, हा नुसता सोपस्कार नव्हे. तेलाचा थर हवा अडवतो आणि हवेवाचून बुरशी धरत नाही. म्हणूनच ‘कमी मीठ, कमी तेल’वाल्या पाककृतींची मला काळजी वाटते. रक्तदाबासाठी मीठ जरूर कमी करा, पण ते लोणचं फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवा. बरणीत वर्षभर ठेवू नका.

याउलट ताजं घरगुती लसूणतेल. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये एका रेस्टॉरंटमधला तेलातला चिरलेला लसूण खाऊन ३६ जणांना बोटुलिझम झाला. बाटली फ्रिजबाहेर ठेवलेली होती. लसणाला मातीतले बीजाणू चिकटलेले असतात, त्यात आंबटपणा नसतो आणि तेलाने हवा बंद होते. लोणच्याला वाचवणारं तेल इथे जंतूला हवा तसा आसरा देतं. वासावरून, चवीवरून काही कळत नाही. खोबरं-शेंगदाण्याची कोरडी लसूणचटणी वेगळी, तिच्यात पाणीच नसतं. तेलातला ओला ठेचा मात्र फ्रिजमध्येच हवा.

मसाल्यांचा शत्रू ओलावा. गोडा मसाला दोन वर्षांनी फिका पडेल, त्यातलं खोबरं खवट होईल. चव जाईल, जीव जाणार नाही. पण मिरचीपूड, शेंगदाणे, सुकं खोबरं सादळलं की बुरशी धरू शकते आणि काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन हे यकृताचं विष तयार करतात. ते भाजून वा उकळून पुरतं जात नाही. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली. म्हणून गाठी झालेली, कुबट तिखटपूड चाळून वापरू नये. आणि मसाल्याचं पाकीट उकळत्या आमटीवर धरून झटकू नये, वाफ थेट आत जाते.

लोणच्यावर बुरशी दिसली तर वरची काढून खालचं खाण्याची रीत आहे. माझं मत स्पष्ट आहे, टाका. बुरशी आम्ल खाते, म्हणजे लोणच्याची राखण करणारा आंबटपणाच कमी होतो.

विकतच्या बाटल्यांचं थोडक्यात. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनी ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारीख सक्तीची आहे, ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक. ही तारीख न उघडलेल्या बाटलीची असते. उघडल्यावर केचप फ्रिजमध्ये ठेवा.

मध गोठून दाणेदार झाला तरी बिघडलेला नसतो. बरणी कोमट पाण्यात ठेवली की पातळ होतो. मोठ्यांनी तो खुशाल खावा. पण त्यात बोटुलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात. मध कितीही शुद्ध, कितीही ताजा असो, वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नये. बारशाला आलेल्या आजी-आत्यांनी मधाचं बोट पुढे केलं, तर आदराने, पण ठामपणे नाही म्हणा.