शिष्यवृत्ती मिळते, पण टिकते का?

एनएमएमएस या आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की शाळेच्या फलकावर नावे झळकतात, हारतुरे होतात, गावच्या ग्रुपवर फोटो फिरतात. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, परंडा, वाशी या पट्ट्यात हे कौतुक रास्तच आहे. मात्र त्या यादीतली किती मुले बारावीपर्यंत शिष्यवृत्तीची रक्कम घेत राहिली, हे सांगणारा फलक सहसा कुठे दिसत नाही.

आठवीत परीक्षा, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, आणि नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. चार वर्षांचे ४८,००० होतात. कोरडवाहू रान आणि दोन-चार म्हशींच्या खव्यावर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही. पण ती आपोआप येत नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो, त्याची पडताळणी व्हावी लागते, आणि दहावीला ६० टक्के गुण लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सूट). सगळ्यांत नाजूक वळण अकरावीचे. मुलगी लातूरला किंवा बार्शीला जाते. जुन्या शाळेला वाटते आपले काम संपले आणि नव्या कॉलेजला ती शिष्यवृत्तीधारक असल्याचा पत्ताच नसतो. त्यात योजना शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरती. प्रवेशाची पावती फाडण्याआधी हे पालकांना सांगणार कोण?

बारावीनंतरचा गोंधळ वेगळा. केंद्राच्या पदवी शिष्यवृत्तीला ८०वा पर्सेंटाइल लागतो. अनेकजण तो ८० टक्के समजतात आणि कला शाखेच्या मुलांना परस्पर घरी पाठवतात. प्रत्यक्षात अट आहे ती आपल्या मंडळात, आपल्या शाखेत वरच्या २० टक्क्यांत असण्याची. उत्पन्नमर्यादा साडेचार लाख, पदवीची तीन वर्षे दरसाल १२,०००. यासोबत दुसरी शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी घेता येत नाही, म्हणून महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर अर्ज ठोकण्याआधी कागदावर बेरीज करायला हवी. अनुदानित बीएची फी तशी किरकोळ. घर मोडते ते खोली आणि मेसच्या खर्चाने.

लिबरल आर्ट्‌सच्या खासगी विद्यापीठांचे नाव काढले की शिक्षकच म्हणतात, ‘आपल्याला नाही झेपायचं.’ फी खरोखरच लाखांत असते. पण सोनीपतच्या अशोका विद्यापीठात आर्थिक मदत ठरते ती कुटुंबाच्या ऐपतीवरून. अमेरिकेतले अ‍ॅमहर्स्ट कॉलेज तर गुणवत्तेसाठी स्वतःचा एक पैसाही देत नाही. देते ते फक्त गरज पाहून. अशा ठिकाणी गुण प्रवेश मिळवून देतात, फी कमी करतात ती घरच्या जमाखर्चाची कागदपत्रे. आणि ती नीट लावून देणे हे बारावीच्या पोराचे किंवा निरक्षर बापाचे काम नव्हे.

अटी वाचण्याचा कंटाळा तर सार्वत्रिक आहे, पण अटी कुणालाच सुटत नाहीत. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबियासाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले, तेव्हा बडोद्यात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार आधी झाला होता. मदतीबरोबर बांधिलकी येते. ती सही करण्यापूर्वी कळली पाहिजे.

मुख्याध्यापकांना आणि शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या लिपिकांना एकच विनंती: या जूनमध्ये दहावी झालेल्या प्रत्येक शिष्यवृत्तीधारकाचे नवे कॉलेज, अर्ज क्रमांक आणि पालकांचा फोन एका वहीत लिहून ठेवा, आणि नूतनीकरण सुरू झाले की त्या घरी फोन करा.