विश्लेषण : तोंडाचा कर्करोग परतणार का, हे लाळ सांगू शकेल?

तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, टाके निघतात. पण घरच्यांच्या मनातला प्रश्न तसाच राहतो, 'पुन्हा होणार नाही ना?' याचे उत्तर लाळेत शोधण्याचे प्रयत्न सुरू आहेत. ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले, तर जवळपास ८० हजार जणांचा मृत्यू झाला. म्हणूनच हे संशोधन आपल्यासाठी महत्त्वाचे.

लाळेत काय शोधतात?

गाठीतून सुटलेले डीएनए, आरएनए आणि प्रथिने लाळेत मिसळतात. हेच 'बायोमार्कर'. २००४ मध्ये अमेरिकेतील यूसीएलएच्या संशोधकांनी ३२ रुग्ण आणि ३२ निरोगी व्यक्तींच्या लाळेतील आरएनए तपासून ९१ टक्के रुग्ण अचूक ओळखले. पण हे झाले निदान.

मग भाकिताचे काय?

२०१५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना तोंडाच्या कर्करोगाच्या ४६ पैकी ४६ रुग्णांच्या लाळेत गाठीचा डीएनए सापडला. शस्त्रक्रियेनंतर काही मोजक्या रुग्णांत तर आजार परतल्याचे तपासणीत दिसण्याआधीच लाळ किंवा रक्तात त्याचा माग लागला.

अडचण कुठे आहे?

आयएल-८ सारखी प्रथिने हिरड्या सुजल्यावरही वाढतात आणि तंबाखू खाणाऱ्यांत हिरड्यांचे विकार नेहमीचेच. शिवाय अभ्यासातील रुग्णसंख्या कमी आहे. त्यामुळे आजही रुग्णाचे भवितव्य जोखताना गाठीची खोली, आजाराचा टप्पा आणि मानेतील लसिकाग्रंथी हेच पाहिले जाते. टाटा मेमोरियलच्या २०१५ च्या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातच मानेतील ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. आजार मानेत पसरल्यावरच त्या काढलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

तोवर काय करायचे?

लाळेचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणून बायोप्सी टाळणे धोक्याचे आहे. केरळमध्ये प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी केवळ तोंड तपासले, तरी तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमधील या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५ मध्ये दिसून आले. लाळेची चाचणी मोठ्या अभ्यासांत खरी उतरावी, स्वस्त व्हावी, ही अपेक्षा रास्तच. पण बॅटरीच्या उजेडात तोंड तपासायला तिची वाट पाहण्याचे कारण नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, यापैकी काहीही दिसले तर लगेच डॉक्टरांना दाखवा.