पायऱ्यांवरची रील

18 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले, तेव्हा सीपीआर रुग्णालयासमोरच्या इमारतीपुढे फोटो काढला नाही असा वकील शोधूनच काढावा लागेल. आम्हीही काढला. इतक्या वर्षांच्या लढ्यानंतर तेवढा हक्क होताच. पण पुढे फोटोंच्या रील झाल्या. कोट-बँड घालून पायऱ्या उतरणारा वकील, मागे सिनेमाचे संगीत, खाली ‘जामिनासाठी संपर्क’ आणि मोबाइल नंबर. सहा जिल्ह्यांचे पक्षकार येणार म्हटल्यावर हे होणारच होते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36 आपण सगळ्यांनी वाचलेला असतो, परीक्षेपुरता. जाहिरात आणि दलाल यांना मनाई, एवढे लक्षात राहते. आपण चालवलेल्या खटल्यांच्या संदर्भात छायाचित्रे प्रसिद्धीला देण्यासही त्याच नियमात मनाई आहे, हे मात्र राहत नाही. स्टेटसवरचा ‘पक्षकारासोबत विजयाचा क्षण’ त्यात सरळ बसतो. 2008 च्या दुरुस्तीने वेबसाइटला वाट दिली, तीही नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचे क्षेत्र अशा ठरावीक माहितीपुरती. अभिनेते आणि इन्फ्लुएन्सर यांच्या तोंडून होणाऱ्या जाहिरातींबद्दल कौन्सिलने मार्च 2025 मध्ये पुन्हा तंबी दिली.

ही खोड मोबाइलने लावलेली नाही. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयाच्या दारात पक्षकार दिसला की त्याच्यावर झडप घालणाऱ्या, ब्रीफसाठी एकमेकांशी झोंबणाऱ्या वकिलांचे प्रकरण 1975 साली सर्वोच्च न्यायालयापुढे होते. आता दारात उभे राहावे लागत नाही, इतकेच.

ज्युनिअरांची बाजूही ऐकली पाहिजे. ज्याच्या दारावर आजोबांच्या काळापासून पाटी आहे, त्याला रील लागत नाही. चंदगडहून येणाऱ्या, घराण्यातल्या पहिल्या वकिलाला मनाईचा भार जास्त पडतो, आणि ती मनाई बहुधा पाटीवालेच त्याला ऐकवतात. म्हणून तोंड बंद ठेवा, असे आम्ही म्हणणार नाही. फेरफार नोंदीवर हरकत कशी घ्यावी, चेक परत आल्याचे कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस का गेली पाहिजे, हे साध्या मराठीत सांगणारा वकील लोकांना हवाच आहे. शेवटी नंबर टाकला की मात्र धड्याची जाहिरात होते.

जाहिरातीची चूक कौन्सिलपुढे निस्तरता येते. अशिलाचे गुपित फुटले तर ते परत घेता येत नाही. वकीलपत्र संपले तरी गोपनीयता संपत नाही, असे साक्ष्य अधिनियमाचे कलम 132 सांगते. तरी निकालाच्या प्रतीचे फोटो स्टेटसवर सर्रास दिसतात. नाव खोडलेले असते. गाव, शाळा, नाते तसेच राहते, आणि आपल्या भागात तेवढ्यावरून घर सापडते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख अशी उघड झाली तर न्याय संहितेच्या कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. स्टेटस किती दूर जाते, हेही आपण पाहिले आहे: 7 जून 2023 ला आक्षेपार्ह स्टेटसवरून याच शहरात दगडफेक झाली, अश्रुधूर सोडावा लागला, इंटरनेट बंद झाले. स्टेटस चोवीस तासांत जाते, हा भ्रम निदान आपल्याला तरी नसावा.

न्यायाधीशांबद्दल लिहिण्याचे काय? 2020 मध्ये दोन ट्वीटवरून प्रशांत भूषण अवमानाचे दोषी ठरले. एक रुपयाचा दंड सगळ्यांना आठवतो, दोषी ठरवणारा निकाल फार जणांनी वाचलेला नाही. निकालावर टीका करण्याचा हक्क वकिलाला आहे. आम्ही तर ती छापतोही. पण हरल्या दिवशी रात्री अकराला ग्रुपवर काढलेला राग हा टीका नसतो, आणि त्या ग्रुपमध्ये समोरच्या बाजूचा वकील असतोच.

आमचे हातही कोरे नाहीत. सत्काराच्या बातम्यांत ‘अमुक गाजलेल्या खटल्यातील यश’ असे आम्ही फोटोसकट छापत आलो. पुढच्या अंकापासून सत्काराच्या बातमीत खटल्याचा उल्लेख नसेल. ज्यांचे फोटो आधीच येऊन पडले आहेत, त्यांनी नवा मजकूर 20 तारखेपर्यंत पाठवावा.