निनावी जाळ्याला संशयितांच्या यादीतून काढा

मा. महासंचालक,
भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद दल (सर्ट-इन), नवी दिल्ली



टॉर या निनावी जाळ्याचे नाव निघाले की आपल्याकडे डार्क वेब आणि अमली पदार्थच आठवतात. गुन्हेगार टॉर वापरतात, हे खरे आहे. पण त्याच जाळ्यावरून दुकानातला आणि घरातला संगणक रोज सुरक्षितपणे एकमेकांशी बोलू शकतात, हे फार थोड्यांना माहीत आहे.

मोबाइल इंटरनेटवर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक आयपी पत्त्याआड असतात. त्यामुळे बाहेरगावाहून स्वतःच्याच संगणकाशी जोडणी होत नाही. टॉरच्या ऑनियन सेवेत दोन्ही संगणक आपापल्या बाजूने बाहेर पडतात आणि जाळ्यातल्या एका रिलेवर, म्हणजे मधल्या संगणकावर, भेटतात. राउटरचे पोर्ट उघडावे लागत नाही. ५६ अक्षरांचा पत्ता त्या सेवेच्या सार्वजनिक किल्लीपासूनच बनतो, म्हणून पत्ता बरोबर असेल तर तोतयाला जागा उरत नाही. वेग कमी मिळतो. पण हिशेबाच्या फायली पाठवायला किंवा एसएसएचने दुरून सर्व्हर सांभाळायला तो पुरतो.

नुसत्या एन्क्रिप्शनने मजकूर झाकला जातो; कोण कोणाशी बोलले, हे उघडेच राहते. एखाद्या घरातला संगणक रोज कर्करोग रुग्णालयाच्या सर्व्हरशी जोडला जातो, एवढे कळले तरी पुरे. टॉरच्या वाटेवरच्या एकाही रिलेला दोन्ही टोके ठाऊक नसतात. याउलट आपल्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे-पत्ते किमान ५ वर्षे जपावे लागतात. तपासाची अडचण मला समजते. पण साठवलेली नोंद चोरीला जाऊ शकते. न झालेली नोंद कोणी चोरू शकत नाही.

या तंत्राचा पाया अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत घातला गेला. तरीही ते सर्वांसाठी खुले झाले, कारण फक्त नौदलानेच वापरले असते तर वापरणारा प्रत्येकजण नौदलाचा म्हणून ओळखू आला असता. सामान्यांच्या वर्दळीतच पत्रकाराला, पीडितेला, गैरव्यवहार उघड करणाऱ्याला आसरा मिळतो. २०१९ मध्ये सीआयएनेही स्वतःचा ऑनियन पत्ता सुरू केला.

म्हणून दोन मागण्या. पहिली, ऑनियन सेवा सुरक्षितपणे कशी वापरावी, याची मार्गदर्शिका मराठीसह भारतीय भाषांत काढा आणि केवळ टॉर वापरले म्हणून कोणी संशयित ठरत नाही, हे तिच्यात स्पष्ट लिहा. दुसरी, सुरक्षेतील त्रुटी कळवण्यासाठी आपल्या संस्थेचा ऑनियन पत्ता जाहीर करा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क रोजच्या कामात कसा वापरायचा, हे नागरिकांना आपणच शिकवावे.

आपला,
एक नागरिक