शोध कसा घेतला, तेही लिहा

केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली आणि 1 जानेवारी 2025 पासून ती सुरू झाली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके, 6,300हून अधिक सरकारी संस्था आणि जवळपास 1 कोटी 80 लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक असा तिचा आवाका आहे. माणशी हिशेब केला तर वर्षाला अकराशे रुपयांच्या आसपास खर्च पडतो. सुट्या लेखाच्या एका प्रतीसाठी परदेशी प्रकाशक सर्रास तीस-चाळीस डॉलर मागतात, हे लक्षात घेतले तर हा सौदा वाईट नाही. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्याइतकेच वाचायला मिळावे, हा विचार तर फार पूर्वीच अमलात यायला हवा होता. पण लेख उपलब्ध असणे वेगळे आणि हवा तो लेख सापडणे वेगळे. पहिल्यासाठी आपण पैसे मोजले. दुसऱ्यासाठी आपल्या विद्यापीठांकडे ना तासिका आहेत, ना गुण, ना नियम. शोध घेणे हा संशोधनपद्धतीचाच भाग आहे, म्हणून तो शिकवला पाहिजे, प्रबंधात लिहिला पाहिजे आणि परीक्षकाने तपासला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

शोध म्हणजे नेमके काय, हे एका विषयावरून पाहू. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समितीही नेमली गेली. या विषयावर काम करू पाहणारी विद्यार्थिनी बहुधा प्रबंधाचे संपूर्ण शीर्षक इंग्रजीत शोधचौकटीत टाकेल. चारदोन लेख येतील आणि ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही’ असे वाक्य तिच्या दुसऱ्या प्रकरणात जाऊन बसेल. प्रत्यक्षात याच स्त्रिया अर्थशास्त्रात ‘सीझनल मायग्रंट्स’ म्हणून येतात, कामगार-अभ्यासात ‘बॉण्डेड लेबर’ म्हणून, तर कुठे ‘केन कटर्स’, कुठे ‘हार्वेस्टर्स’. वैद्यकशास्त्राच्या पबमेडमध्ये लेखांना ठरावीक विषयशीर्षके दिलेली असतात. लेखकाने मजकुरात कोणताही शब्द वापरलेला असो, स्थलांतरितांवरचे लेख तिथे ‘ट्रान्झियंट्स अँड मायग्रंट्स’ या शीर्षकाखाली सापडतात. हे शीर्षक अंदाजाने कुणाला सुचणार नाही. ते यादीत पाहावे लागते. मग एका अर्थाचे सगळे शब्द ‘ऑर’ने जोडायचे, वेगवेगळ्या कल्पना ‘अँड’ने जोडायच्या, शब्दाच्या मुळाशी तारांकन देऊन त्याची सगळी रूपे पकडायची. एवढे करूनही काही महत्त्वाचे निसटतेच. यान ब्रेमन यांनी 1978 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दक्षिण गुजरातमधल्या बारडोलीच्या साखर कारखान्यांवर आणि तिथे तोडीला येणाऱ्या खानदेशी मजुरांवर दीर्घ लेख लिहिला. त्याच्या शीर्षकात ना बीड आहे, ना महाराष्ट्र, ना स्त्रियांचे आरोग्य. पण मुकादम, उचल आणि टोळी यांची ही व्यवस्था समजून घ्यायची तर तो टाळून चालत नाही. जेस्टोर या डेटाबेसवर तो आहे. मात्र बीड किंवा स्त्रियांचे आरोग्य हे शब्द जोडून घेतलेल्या शोधात तो येत नाही. नंतरच्या एखाद्या चांगल्या लेखाची संदर्भसूची वाचत मागे जावे लागते आणि मग ब्रेमन यांचा आधार पुढे कुणी घेतला, हे पाहत पुन्हा आजवर यावे लागते. हे सगळे शिकवण्याजोगे कौशल्य आहे. चार-सहा तासिकांत त्याचा पाया घालता येतो.

हे न शिकल्याने फार तर प्रबंध थोडा कच्चा राहील, असे कुणाला वाटेल. 2001 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याच्या एका अभ्यासासाठी निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम हे रसायन श्वासावाटे देण्यात आले. त्यांतल्या 24 वर्षांच्या तरुणीची फुप्फुसे निकामी झाली आणि जून महिन्यात तिचा मृत्यू झाला. त्यानंतर जुलैमध्ये तिथले केंद्र सरकारच्या पैशावर चालणारे, माणसांवरचे जवळपास सगळे संशोधन काही काळ थांबवले गेले. मुख्य संशोधकाने पूर्वीचे लेखन शोधलेच नव्हते, असे नाही. त्याने पबमेड पाहिले होते, प्रमाण मानले जाणारे संदर्भग्रंथही पाहिले होते. पण पबमेडची नोंद त्या वेळी 1966 पर्यंतच मागे जात होती आणि या औषधाने फुप्फुसांना इजा होत असल्याचे लेख 1950च्या दशकात छापलेले होते. या घटनेचा अर्थ ‘संशोधकाने आणखी कष्ट घ्यायला हवे होते’ एवढाच लावला जातो, तो मला अपुरा वाटतो. कष्ट कमी पडले त्याहून अधिक, मर्यादा नजरेआड राहिली. प्रत्येक डेटाबेसला वर्षांची, भाषेची, विद्याशाखेची सीमा असते. प्रस्तावातच ‘शोध पबमेडमध्ये घेतला, 1966 पासून पुढे’ असे स्पष्ट लिहायची सक्ती असती, तर प्रस्ताव तपासणाऱ्या समितीतल्या एखाद्या वाचकाला ‘आणि त्याआधीचे काय?’ असे विचारता आले असते. मनात ठेवलेल्या शोधातली फट दुसऱ्या कुणाला दिसण्याचा मार्गच नसतो.

आरोग्यविज्ञानाने ही शिस्त आता बऱ्यापैकी अंगी बाणवली आहे. पद्धतशीर आढाव्यांसाठी 2009 मध्ये आलेली आणि 2020 मध्ये सुधारलेली ‘प्रिझ्मा’ ही मार्गदर्शक सूत्रे सांगतात, की कोणते डेटाबेस पाहिले, शेवटचा शोध कोणत्या तारखेला घेतला, नेमके कोणते शब्द कसे जोडले, किती नोंदी आल्या आणि कितींना कोणत्या कारणाने वगळले, हे लेखातच द्यावे. दुसऱ्या माणसाला तोच शोध पुन्हा घेता आला पाहिजे, ही त्यामागची भूमिका. आपल्याकडे इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर लाखो प्रबंध खुले आहेत. सामाजिक शास्त्रे, शिक्षणशास्त्र वा वाणिज्य यांतले काही उघडून ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ हे प्रकरण वाचावे. नमुना निवड कशी केली, प्रश्नावली कशी तयार केली, यावर तिसऱ्या प्रकरणात पानेच्या पाने असतात. पण आढाव्यात घेतलेले तीस-चाळीस अभ्यासच का घेतले, ते कुठून आले, बाकीचे का नाहीत, यावर सहसा एक ओळही नसते. एकेका परिच्छेदात एकेका अभ्यासाचा सारांश देऊन शेवटी संशोधनातली ‘उणीव’ जाहीर केली जाते. ज्याने शोध कसा घेतला हे सांगितलेले नाही, त्याच्या ‘आढळले नाही’ या विधानावर परीक्षकाने विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा? आणि संपूर्ण प्रबंधाचे प्रयोजन तर याच विधानावर उभे असते.

हे शिकवले जाते, असे विद्यापीठे म्हणू शकतील. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘संशोधन व प्रकाशन नीतिमूल्ये’ हा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा केला आणि त्याच्या शेवटच्या घटकाचे नावच ‘डेटाबेस व संशोधनाची मोजमापे’ आहे. पाऊल स्वागतार्ह आहे. पण त्या घटकाचा रोख पाहा: स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स, मग इम्पॅक्ट फॅक्टर, एच-इंडेक्स. डेटाबेसची ओळख होते ती आपला लेख कुठे छापावा आणि तो किती मोजला जाईल, या अंगाने. दुसऱ्यांचे लेख तिथे कसे शोधावेत, हा त्याचा मूळ उपयोग मागे पडतो. शिवाय हा अभ्यासक्रम पीएचडीला आहे. लघुप्रबंध लिहिणाऱ्या एम.ए., एम.एस्सी.च्या मुलांपर्यंत तो पोहोचत नाही, आणि शोधाच्या सवयी तर त्याच वयात पक्क्या होतात.

सर्वांत जोरदार आक्षेप असा, की गूगल स्कॉलर असताना ही उठाठेव कशाला? त्यात तथ्य आहे. 2004 पासूनची ही मोफत सेवा अफाट आहे. एखाद्या लेखाचा आधार पुढे कुणी घेतला, हे पाहण्यासाठी मीही आधी तिथेच जाण्याचा सल्ला देईन. पण स्कॉलर कोणकोणती नियतकालिके धुंडाळतो, याची यादी जाहीर करत नाही. विषयशीर्षके देत नाही. एका शोधाचे हजारापलीकडे निकाल दाखवत नाही. आणि ज्यांचा संदर्भ आधीच पुष्कळांनी दिला आहे, असे लेख वर आणतो. म्हणजे ‘काय सापडले’ ते कळते, पण ‘कुठे पाहिलेच गेले नाही’ ते कळत नाही, आणि हॉपकिन्सच्या घटनेत नेमके तेच कळायला हवे होते. शिवाय खऱ्याखोट्याची निवड पूर्णपणे वाचणाऱ्यावर पडते. तिचे ओझे केवढे, हे आपण पाहिले आहे. आयोगाच्या तेव्हाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या नियतकालिकांची सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तपासणी केली. कुठल्याही डेटाबेसमध्ये नसलेली त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट असावीत, असा निष्कर्ष त्यांनी 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने 4,305 नियतकालिके यादीतून काढली. पुढे आलेली ‘यूजीसी-केअर’ यादीही 2025 मध्ये बंद झाली आणि पारख करण्याची जबाबदारी संस्थांकडे व संशोधकांकडे आली. वर्गणीचे डेटाबेस तरी निर्मळ आहेत का? नाहीत. विली या मोठ्या प्रकाशकाच्या हिंदावी विभागाला एकट्या 2023 मध्ये 8,000हून अधिक लेख मागे घ्यावे लागले. म्हणून डेटाबेसवर श्रद्धा ठेवा, असे मी म्हणत नाही. कुठे पाहिले ते लिहा म्हणजे दुसऱ्याला ते तपासता येईल, एवढेच मागतो आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनाही हीच अट लावावी. ती अस्तित्वात नसलेले लेख खऱ्यासारखे रचून देतात, हे आता सर्वांना माहीत आहे. पण दिलेले संदर्भ खरे निघाले, तरी कोणत्या साठ्यातून आणि काय वगळून ते निवडले, हे त्या उत्तरावरून ताडून पाहता येत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. मराठी साहित्याचा, संतवाङ्मयाचा, स्थानिक इतिहासाचा अभ्यासक या इंग्रजी डेटाबेसमध्ये काय शोधणार? वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचे ‘नवभारत’, भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ यांची मांदियाळी तिथे मिळेल, अशी अपेक्षा धरता येत नाही. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. जिथे यंत्र मदत करत नाही, तिथे शोधाची नोंद अधिक गरजेची ठरते. ‘नवभारत’चे अमुक ते अमुक वर्षांचे अंक अमुक ग्रंथालयात पानोपानी पाहिले, मधले दोन वर्षांचे अंक मिळाले नाहीत, असे लिहिणारा अभ्यासक पुढच्याचे काही महिने वाचवतो. ही शिस्त मराठीला परकी नाही. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ 1944 मध्ये प्रसिद्ध केली, ती कोणत्याही संगणकाविना. आज मराठी नियतकालिकांच्या अंकांच्या पीडीएफ बनतात, पण पुष्कळदा त्या युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉण्टमध्ये अक्षरजुळणी केलेल्या असतात. पडद्यावर मराठी दिसते, मात्र शोधचौकटीत शब्द टाकला तर हाती काही लागत नाही. निदान प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका युनिकोडमध्ये, लेखक, शीर्षक आणि विषयशब्दांसह खुली करणे संपादक मंडळांना फारशा खर्चाविना जमेल. इतिहासाच्या अभ्यासकाने इंग्रजी डेटाबेसकडे पाठ फिरवणेही परवडणारे नाही. भांडारकर संस्थेचे ‘अ‍ॅनल्स’ जेस्टोरवर आहेत, आणि तिथे ‘पुणे’ शोधून थांबणाऱ्याला ‘पूना’ लिहिणारे कित्येक दशकांचे लेखन दिसतच नाही.

मार्गदर्शकांकडे वेळ नाही, ही तक्रारही मान्य करायला हवी. पण हे काम मार्गदर्शकाने एकट्याने करायचेच नाही. महाविद्यालयीन ग्रंथपालाला आपण नेट किंवा सेटची पात्रता मागतो, आयोगाचे नियम त्याला शैक्षणिक वर्गात बसवतात, आणि मग पुस्तकांची देवघेव, खरेदी व नॅकच्या फायली यांत त्याला अडकवून ठेवतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी पहिल्या सत्रात शोधकौशल्याचे एक क्रेडिट ठेवावे आणि ते ग्रंथपालाने शिकवावे. त्या तासिका त्याच्या कार्यभारात धराव्यात. पीएचडीच्या विद्यार्थ्याला दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. त्यांतल्या पहिल्या सादरीकरणाला ग्रंथपालाला बोलवावे आणि विद्यार्थ्याकडे डेटाबेस, शब्द, तारखा, आलेल्या नोंदी व न पाहता आलेले साठे यांची लेखी शोधनोंद मागावी. हीच नोंद पुढे प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडायची. यासाठी केंद्राच्या निधीची किंवा नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. विद्यापरिषदेच्या एका ठरावाने हे येत्या शैक्षणिक वर्षापासून लागू करता येते, आणि शोधनोंद जोडलेली नसेल तर प्रबंध परीक्षकांकडे पाठवला जाणार नाही, ही अट त्याच ठरावात असावी.