औषध थकण्याआधी

मोठ्या माणसाला हिवतापावर आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनच्या चोवीस गोळ्या घ्याव्या लागतात. आधी चार, आठ तासांनी चार, मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ चार-चार. त्याही स्निग्ध अन्नाबरोबर. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, कामावर जायचे असते, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी डब्यात जातात. अशा अर्धवट उपचारातून तगून राहिलेले परजीवीच पुढे औषधाला दाद देईनासे होतात.

आफ्रिकेने हे एकदा भोगले आहे. क्लोरोक्विनला न जुमानणारा हिवताप १९५०च्या दशकाअखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर दिसला आणि दोन दशकांत आफ्रिकेत पोहोचला. पर्यायी औषध गावोगाव जाईपर्यंत तिथे मुले दगावत राहिली. चीनच्या तू यूयू यांनी शोधलेल्या आर्टेमिसिनिनने तो काळ पालटला. त्यासाठी त्यांना २०१५चे नोबेल मिळाले. पण २००८मध्ये पश्चिम कंबोडियात तेही मंदावल्याची नोंद झाली. पुढे रवांडा आणि युगांडातही तसेच परजीवी सापडले. या वेळी ते आशियातून गेले नाहीत, आफ्रिकेतच उपजले. आर्टेमेथरसारखी आर्टेमिसिनिनच्या कुळातली औषधे दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात; आर्टेमिसिनिन मंदावले की सगळा भार त्या जोडीच्या औषधावर पडतो. कंबोडियात पिपेराक्विन हे जोडीचे औषध याच भाराखाली निकामी ठरले.

म्हणूनच गॅनाप्लॅसाइडचे मोल मोठे आहे. नोव्हार्टिस आणि जिनिव्हाची ना-नफा संस्था ‘मेडिसिन्स फॉर मलेरिया व्हेंचर’ यांनी विकसित केलेला हा रेणू आर्टेमिसिनिनच्या कुळातला नाही. ल्युमेफँट्रिनसोबत त्याची चाचणी आफ्रिकेतील १२ देशांत, सोळाशेहून अधिक रुग्णांवर झाली. नोव्हेंबर २०२५मध्ये निकाल आले: नव्या जोडीने ९७.४ टक्के रुग्ण बरे झाले, प्रचलित आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनने ९४ टक्के. मात्रा दिवसाला एकदा, तीन दिवस. मात्र जोडीदार जुनाच आहे. ल्युमेफँट्रिन थकले, तर गॅनाप्लॅसाइड एकटे पडेल. त्यामुळे पुढच्या औषधाचे संशोधन आजपासूनच हवे.

ते बाजारावर सोडता येणार नाही. ज्यांना हा आजार होतो, त्यांच्या खिशात पैसा नाही. संशोधनाचा खर्च सरकारांनीच उचलायला हवा, आणि त्यात भारताने मागे राहू नये. मुंबईच्या सिप्ला आणि इप्का या कंपन्या आर्टेमिसिनिनयुक्त औषधे बनवतात. ईशान्य भारतातील रुग्णांना तीच आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनची जोडी दिली जाते. गडचिरोलीच्या पाड्यांवर हिवताप अजून ठाण मांडून आहे. आफ्रिकेत औषध हरले, तर झळ आपल्यालाही लागेल.

२०२३मध्ये हिवतापाने जगात ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालील मुले होती. सरकारांनी नव्या औषधांसाठी तिजोरी उघडावी. आणि घरात कोणाला हिवताप झाला, तर ताप उतरला तरी शेवटची गोळी चुकवू नका.